उपग्रहाला आपले शेत कसे दिसते? चित्राचा अर्थ, मर्यादा आणि शेतकऱ्याने ठेवायची नोंद

पीकविम्यातील उत्पादनाचा अंदाज, दुष्काळी तालुक्यांची निवड आणि पुराचे नकाशे या सर्व कामांत आता उपग्रहाच्या चित्रांचा वापर होतो. त्यामुळे "उपग्रहावर तर तुमचे पीक हिरवे दिसते" असे उत्तर नुकसान झालेल्या शेतकऱ्याला ऐकावे लागू शकते. हे उत्तर काही वेळा बरोबर असते, काही वेळा अपुरे असते. ते कधी मान्य करायचे आणि कधी त्यावर प्रश्न विचारायचा, हे कळण्यासाठी उपग्रहाला नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, हे माहीत असणे गरजेचे आहे. बीड जिल्ह्यातील पिके व जमिनी डोळ्यांपुढे ठेवून ही माहिती येथे दिली आहे.

सुरुवात नारळाच्या रोगापासून

भारतात दूरसंवेदनाची सुरुवातच शेतीच्या प्रश्नातून झाली. १९७० च्या सुमारास केरळमध्ये नारळाच्या मूळकूज-मर रोगाने बागा खराब होत होत्या. प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी आणि रोगट झाडे त्या फिल्मवर वेगवेगळ्या रंगांत उठून दिसली. वरून घेतलेल्या चित्रातून पिकाची तब्येत कळू शकते, हे आपल्याकडे तेव्हा सिद्ध झाले.

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयुझ टी-११ यानातून सॅल्युत-७ या अवकाशस्थानकावर गेले. पंतप्रधानांना त्यांनी दिलेले उत्तर सर्वांना आठवते. मात्र तेथील मुक्कामात 'टेरा' या प्रयोगांतर्गत भारताच्या भूभागाची विशेष कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेण्याचे काम झाले, हे फारसे कोणाला माहीत नसते. जमीन, पाणी, जंगल अशा नैसर्गिक संपत्तीचा अभ्यास हा त्यामागचा हेतू होता. त्यानंतर १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह सोडण्यात आला. तेव्हापासून आपल्या शेतांची चित्रे घेण्याचे काम अखंड सुरू आहे.

अंतराळवीराने खिडकीतून काढलेला फोटो आणि उपग्रहाचे चित्र यांत फरक आहे. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते. तेथून काढलेल्या फोटोची वेळ, कोन आणि उजेड दर वेळी वेगळा असतो. असा फोटो पूर, धूळ किंवा रात्रीचे दिवे दाखवायला चांगला असतो, पण पिकाची तुलना करायला चालत नाही. पीक पाहणारे उपग्रह साधारण ७०० ते ८०० किलोमीटर उंचीवरून, ठरलेल्या मार्गाने आणि ठरलेल्या वेळी जातात. बहुतेक उपग्रह आपल्याकडे सकाळी दहा ते साडेदहाच्या आसपास चित्र घेतात. वेळ तीच असल्यामुळे आजच्या चित्राची तुलना पंधरा दिवसांपूर्वीच्या किंवा मागील वर्षाच्या चित्राशी करता येते.

एक ठिपका म्हणजे किती गुंठे?

उपग्रहाचे चित्र चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. एका ठिपक्यात जे काही असेल त्या सर्वांची सरासरी नोंदवली जाते. ठिपक्याच्या आत काय आहे, ते वेगळे दिसत नाही. म्हणून कोणत्याही चित्राबद्दल पहिला प्रश्न विचारावा : ठिपका केवढा आहे?

- रिसोर्ससॅट (लिस-४ कॅमेरा) : ५.८ मीटर. ठिपका सुमारे एक तृतीयांश गुंठा.
- सेंटिनेल-२ : १० मीटर. ठिपका १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १ गुंठा.
- रिसोर्ससॅट (लिस-३ कॅमेरा) : २३.५ मीटर. ठिपका सुमारे साडेपाच गुंठे.
- लँडसॅट-८ व ९ : ३० मीटर. ठिपका सुमारे ९ गुंठे.
- मोडिस : २५० मीटर. ठिपका सव्वासहा हेक्टर, म्हणजे सुमारे साडेपंधरा एकर.

सेंटिनेल-२ चा ठिपका एक गुंठ्याचा असल्याने हिशेब सोपा होतो. एक एकर शेतात सुमारे ४० ठिपके बसतात. पण सर्वच ठिपके कामाचे नसतात. बांधावर पडलेल्या ठिपक्यात आपले पीक, बांधावरचे गवत, बाभळीची सावली आणि शेजाऱ्याचे पीक यांची सरमिसळ होते. चौरस आकाराच्या एक एकर शेतात २५ ते ३० ठिपके शुद्ध मिळू शकतात. तेच एक एकर वाटण्या होऊन २० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब पट्टी झाली असेल, तर शुद्ध ठिपके निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. मोडिसच्या साडेपंधरा एकराच्या ठिपक्यात तर अनेक खातेदारांची शेते एकत्र येतात. असे चित्र तालुक्याची परिस्थिती सांगू शकते. एका गटाची परिस्थिती त्यावरून सांगणे योग्य नाही.

हिरवेपणा कसा मोजतात?

निरोगी पान प्रकाशसंश्लेषणासाठी लाल प्रकाश शोषून घेते. मात्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ते मोठ्या प्रमाणात परत फेकते. पान पिवळे पडले, सुकले किंवा झड झाली, की लाल प्रकाश जास्त परत येतो आणि अवरक्त कमी होतो. या दोन्हींवरून 'एनडीव्हीआय' हा निर्देशांक काढतात.

एनडीव्हीआय = (अवरक्त − लाल) ÷ (अवरक्त + लाल)

उदाहरणार्थ, दाट सोयाबीनवरून अवरक्त प्रकाश ४५ टक्के आणि लाल ५ टक्के परत आला, तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८० हा आकडा येतो. पाण्याचा ताण बसलेल्या पिकावरून अवरक्त ३० आणि लाल १२ टक्के आला, तर १८ भागिले ४२, म्हणजे सुमारे ०.४३. नांगरलेल्या उघड्या जमिनीत अवरक्त २० आणि लाल १५ टक्के धरला, तर आकडा ०.१४ येतो. स्वच्छ पाण्याचा आकडा शून्याच्या खाली जातो.

उपग्रहाच्या अनेक चित्रांत अवरक्त प्रकाशाला लाल रंग दिलेला असतो. अशा चित्रात गडद लाल भाग म्हणजे जोमदार पीक किंवा झाडी असते. लाल दिसले म्हणून पीक जळाले, असा अर्थ काढू नये.

एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. २० दिवसांच्या सोयाबीनचा ०.३५ हा आकडा योग्य असू शकतो, तोच आकडा ६० व्या दिवशी चिंतेचा ठरतो. काढणीला आलेल्या सोयाबीनची पाने गळतात तेव्हा आकडा उतरणारच. त्यामुळे पेरणीची तारीख आणि पिकाची अवस्था माहीत असल्याशिवाय चित्र वाचू नये.

वरून पाहिलेला बीड जिल्हा

नोव्हेंबर-डिसेंबरचे निरभ्र चित्र पाहिले तर जिल्ह्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. उत्तरेला गेवराई, माजलगावची गंगथडी, म्हणजे गोदावरीकाठची खोल काळी जमीन. तेथे ऊस आणि बागायतीचे दाट पट्टे दिसतात. मध्यातून बालाघाटाचा डोंगर जातो. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागांत हलकी, मुरमाड जमीन फिकट दिसते आणि हिरवा रंग ओढ्यांच्या व तलावांच्या काठाने सापडतो.

दुष्काळही असाच दिसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. लँडसॅटची त्या काळातील चित्रे आजही विनामूल्य पाहता येतात. भरलेल्या वर्षाचे आणि २०१६ चे चित्र शेजारी ठेवले, तर पाण्याचा विस्तार किती आटला होता हे कोणालाही कळते. गावातील पाण्याच्या ताळेबंदावर चर्चा करताना या चित्रांचा चांगला उपयोग होतो.

उपग्रहाला काय दिसत नाही?

हा भाग प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावा.

१. बोंडातील अळी : गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. झाड वरून हिरवेगार, एनडीव्हीआय चांगला आणि वेचणीला मात्र किडकी कवडी, असे होऊ शकते. कामगंध सापळे आणि बोंडे फोडून पाहणे याला पर्याय नाही.

२. शेंगेतील दाणा : सोयाबीनची वाढ भरपूर आणि शेंगा पोचट असल्या, तरी चित्र हिरवेच राहते. काढणीच्या वेळी पाऊस होऊन शेंगांतच कोंब फुटले, तर ते नुकसानही दिसत नाही. त्या वेळी पीक नैसर्गिकरीत्या वाळलेले असते, त्यामुळे आकड्यात फरक पडत नाही.

३. तण : कोळपणी-खुरपणी न झालेल्या शेतातील तणही हिरवेच दिसते. पीक गेले आणि तण वाढले, तर निर्देशांक चांगला येऊ शकतो.

४. दुपारचे कोमेजणे : उपग्रह सकाळी जातो. पाण्याच्या ताणाची पहिली खूण दुपारी दोन वाजता दिसते. सकाळी पाने पुन्हा ताठ झालेली असतात.

५. आंतरपीक : कापूस आणि तूर किंवा सोयाबीन आणि तूर असेल, तर ठिपक्यात दोन्हींची सरासरी येते. सोयाबीन काढल्यावर राहिलेली तूर पाहून पीक विरळ झाल्याचा गैरसमज होऊ शकतो.

६. कारण : आकडा उतरला हे चित्र सांगते. पिवळा मोझॅक, लाल्या, चोपण जमीन, नत्राची कमतरता की साचलेले पाणी, हे पिकात उतरूनच ठरवावे लागते.

७. ढगाखालचे काहीही : साधे कॅमेरे ढगाच्या आरपार पाहू शकत नाहीत. ढगांच्या सावलीतील शेत तर काळपट दिसून खराब पिकासारखे भासते.

ढग आणि रडार

आपल्या पिकाचे सर्वाधिक नुकसान पावसाळ्यात होते आणि नेमके तेव्हाच साधे चित्र मिळत नाही. यासाठी रडार उपग्रह वापरतात. युरोपचा सेंटिनेल-१, भारताचा ईओएस-०४ आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला भारत-अमेरिकेचा निसार हे या प्रकारातील उपग्रह आहेत. ते स्वतः रेडिओ लहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरी मोजतात. त्यांना ढगांची किंवा रात्रीची अडचण नसते. स्थिर पाण्यावरून लहरी दुसरीकडे परावर्तित होतात, म्हणून पुराचे पाणी चित्रात काळे दिसते.

येथेही मर्यादा आहे. निसार एका ठिकाणी दर १२ दिवसांनी त्याच मार्गाने येतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणा व गोदावरीच्या काठच्या शेतांत पाणी शिरले. अशा वेळी पाणी शेतात दोन-तीन दिवस थांबून उतरले आणि त्या दिवसांत उपग्रह वरून गेलाच नाही, तर पुराच्या नकाशात ते शेत कोरडे राहू शकते. शिवाय दाट पिकाखाली साचलेले घोटाभर पाणी सर्व प्रकारच्या रडारला सारखे ओळखता येत नाही. वाफसा नसलेल्या जमिनीत मुळे गुदमरून आठ-दहा दिवसांनी पीक पिवळे पडते, ते नुकसान पुराच्या नकाशाच्या तारखेनंतरचे असते. म्हणून नकाशात नाव नाही याचा अर्थ नुकसान नाही, असा होत नाही. नकाशा कोणत्या तारखेच्या चित्रावरून केला, हे विचारणे योग्य आहे.

विमा आणि दुष्काळ यांत चित्राचा वाटा किती?

प्रधानमंत्री पीकविमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून तंत्रज्ञानावर आधारित उत्पादन अंदाज, म्हणजे 'यस-टेक' पद्धत आली. सुरुवातीला भात व गहू या पिकांसाठी अशा अंदाजाला किमान ३० टक्के भारांकन देण्यात आले. २०२४ च्या खरिपापासून त्यात सोयाबीनचा समावेश झाला. उरलेला भाग पीक कापणी प्रयोगावर अवलंबून असतो. समजा पीक कापणी प्रयोगातून हेक्टरी ८ क्विंटल आणि तंत्रज्ञानातून १२ क्विंटल उत्पादन आले, तर ७०-३० च्या हिशेबाने ५.६ अधिक ३.६, म्हणजे ९.२ क्विंटल धरले जाईल. उंबरठा उत्पादन ९ क्विंटल असेल, तर केवळ कापणी प्रयोगावर मिळू शकणारी भरपाई या हिशेबात मिळणार नाही. उलट परिस्थितीत शेतकऱ्याचा फायदाही होऊ शकतो. योजनेचे नियम हंगामानुसार बदलतात, म्हणून चालू हंगामाची अधिसूचना कृषी कार्यालयातून पाहून घ्यावी.

विम्यातील उत्पादन महसूल मंडळासारख्या क्षेत्र घटकासाठी ठरते, एका शेतासाठी नाही. त्यामुळे मंडळातील पीक कापणी प्रयोग ठरलेल्या प्लॉटवर, ठरलेल्या पद्धतीने होतात का, हे पाहण्यासाठी गावकऱ्यांनी हजर राहावे. उरलेला मोठा वाटा तिथेच ठरतो.

दुष्काळाबाबत केंद्राच्या २०१६ च्या संहितेनुसार आधी पावसाची तूट पाहतात. नंतर पेरणी क्षेत्र, जमिनीतील ओलावा, जलसाठे आणि उपग्रहावरून काढलेली वनस्पतींची स्थिती हे निर्देशांक तपासतात. यात यंदाचा हिरवेपणा त्याच भागातील आजवरच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांशी ताडून पाहतात. शेवटी निवडक १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. २०२३ च्या खरिपात राज्यात दुष्काळ जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई यांचा समावेश होता. पाहणीसाठी निवडलेल्या गावाने आपल्या शिवारातील खरी परिस्थिती दाखवणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून लक्षात येईल.

शेतकऱ्याने चित्र कसे वापरावे?

सेंटिनेल-२ ची चित्रे 'कोपर्निकस ब्राउझर' या संकेतस्थळावर विनामूल्य दिसतात. इस्रोचे 'भुवन' हेही उपयुक्त आहे. गुगल अर्थवरील चित्र मात्र काही महिने किंवा वर्षे जुने असू शकते, ते चालू पीक पाहण्यासाठी वापरू नये.

- मोबाइलवरील नकाशात शेतात उभे राहून अक्षांश-रेखांश टिपावेत. त्यावरून संकेतस्थळावर आपले शेत शोधावे.
- कमी ढगांची तारीख निवडावी. आधी साधे रंगीत चित्र पाहून शेतावर ढग किंवा सावली नाही याची खात्री करावी, मगच एनडीव्हीआय पाहावा.
- बांधालगतचा एक-एक ठिपका सोडून शेताचा आतला भाग पाहावा.
- तुलना त्याच पिकाशी, जवळपास त्याच पेरणीच्या तारखेच्या शेताशी करावी. सोयाबीनची तुलना कापसाशी करू नये.
- शेतातील फिकट भागाची जागा टिपून तेथे जाऊन पाहावे. ठिबकची नळी चोंदली आहे का, पाणी साचते का, मुळांवर कूज आहे का, मुरूम वर आला आहे का, हे तपासावे.
- दोन-तीन वर्षे त्याच जागी फिकटपणा येत असेल, तर तेथील माती वेगळी घेऊन परीक्षण करावे.
- फिकट दिसले म्हणून लगेच युरिया टाकू नये. पाणी साचलेल्या भागात आधी चर काढून निचरा करावा.

स्वतःची नोंद : सर्वांत स्वस्त विमा

चित्र आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला, तर शेतकऱ्याच्या हातात तारखेसह पुरावा हवा. त्यासाठी पुढील नोंदी ठेवाव्यात.

१. ई-पीक पाहणी वेळेत आणि खरी करावी. आंतरपीक असल्यास दोन्ही पिके क्षेत्रासह नोंदवावीत. सातबारावर कापूस आणि शेतात सोयाबीन असेल, तर पुढे सर्वच दाखले अडचणीत येतात.

२. मोबाइलमध्ये स्थान सुरू ठेवून दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून फोटो काढावा. एक फोटो पूर्ण शेताचा, एक झाडाचा जवळून.

३. नुकसान झाल्यास साचलेले पाणी, फोडलेली बोंडे, कोंब फुटलेल्या शेंगा यांचे फोटो त्याच दिवशी काढावेत. उपग्रहाला न दिसणारी गोष्ट हाच फोटो दाखवतो.

४. वहीत पेरणीची तारीख, वाण, पावसाचे दिवस, पाणी किती दिवस थांबले आणि काढणीचे वजन लिहावे.

५. पंचनाम्याच्या वेळी हजर राहून नोंदलेले पीक, गट क्रमांक व क्षेत्र वाचून मगच सही करावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ग्रामसभेत किंवा शेतीशाळेत चित्र दाखवताना त्यावर उपग्रहाचे नाव, तारीख आणि ठिपक्याचा आकार लिहावा. या तीन गोष्टी नसलेले रंगीत नकाशे गैरसमज वाढवतात. गावातील दहा-बारा शेतांची पेरणीची तारीख, पीक व प्रत्यक्ष उत्पादन यांची यादी हंगामभर ठेवावी. नकाशात चांगले दाखवलेले मंडळ प्रत्यक्षात खराब असेल, तर अशी यादी तक्रारीला आधार देते. चित्रात दिसलेल्या रोग-किडीच्या शंकेसाठी नमुना घेऊन अंबाजोगाई किंवा खामगाव (ता. गेवराई) येथील कृषी विज्ञान केंद्राशी अथवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संपर्क साधावा.

उपग्रह दर काही दिवसांनी शिवारावरून जातो आणि संपूर्ण जिल्हा एका नजरेत पाहतो. शेतकरी रोज शेतात जातो आणि बोंडाच्या आतही पाहू शकतो. दोन्ही नोंदी तारखेसह शेजारी ठेवल्या, तरच पिकाचे खरे चित्र तयार होते. येत्या हंगामात पेरणीच्या दिवशीच पहिला फोटो काढून वहीत पहिली ओळ लिहावी.